जीर्णोद्धार केलेल्या मोटारीची विक्री

घरांतील जुनी वस्तु विकावयास काढणें हें महाराष्ट्रांत फारसें भूषणावह मानीत नसत. तांब्यापितळेचीं भांडीं मोडींत घालावयाचीं झालीं, तरी तीं चारचौघांच्या नजरेस पडूं नयेत अशा बेतानें बाजारांत नेण्याकडे घरंदाज माणसांचा कल असे. अमेरिकेंतील कांहीं जुन्या वस्तूंच्या वांट्याला मात्र याच्या अगदीं उलट भाग्य आलेलें आहे. ॲरिझोना संस्थानांतील स्कॉट्सडेल या गांवीं दरवर्षीं जानेवारी महिन्यांत जुन्या मोटारींचे मोठमोठे लिलांव भरतात. साठ वर्षांपूर्वीं कारखान्यांतून बाहेर पडलेली एखादी मोटार नव्या नवरीप्रमाणें नटून झगमगत्या मंचावर येते, बोली चढत जाते, हातोडी पडते, आणि कित्येकदां एखाद्या घराच्या किंमतीइतकी रक्कम घटकाभरांत एका हातांतून दुसऱ्या हातांत जाते. दुरून पाहणाराला वाटतें कीं, हा केवळ श्रीमंतांचा शौक आहे. परंतु थोडें जवळ जाऊन पाहिलें म्हणजे ध्यानांत येतें कीं, येथें जें विकलें जातें तें नुसतें लोखंड, रबर व रंग नव्हे. येथें एक विधान विकलें जातें. ‘ही मोटार तीच आहे’ एवढेंच तें विधान. आणि तें खरें कीं खोटें यावर सारी किंमत अवलंबून असते.

‘तीच’ या शब्दाचा अर्थ मात्र वाटतो तितका सोपा नाहीं. मराठींत जीर्णोद्धार हा शब्द देवळांच्या संबंधांत रूढ आहे. शिखर ढासळलें तर तें नव्यानें रचतात, सभामंडपाचे कुजलेले खांब काढून दुसरे घालतात, गाभाऱ्याची फरशी बदलतात. तरीही देऊळ तेंच राहतें, कारण आंतलें दैवत तेंच असतें. शिवाय कोणीं, कोणत्या शकांत, काय बांधलें हें शिळेवर कोरून ठेवण्याची जुनी चाल आहे. त्यामुळें पाहणाराची दिशाभूल होत नाहीं. मोटारीचाही असाच जीर्णोद्धार होतो. पण मोटारीचें दैवत कोठें वसतें? तिच्या इंजिनांत, तिच्या सांगाड्यांत, तिच्या आकारांत, कीं तिच्या कागदांत? जीर्णोद्धार केलेली मोटार विकणाऱ्या प्रत्येक माणसाला या प्रश्नाचें उत्तर द्यावें लागतें, आणि तेंही पैशाच्या भाषेंत.

उदाहरणादाखल अमेरिकेची सर्वांत प्रसिद्ध स्पोर्टस् मोटार जी कॉर्व्हेट, तीच घ्यावी. ती शेवरोले कंपनीची. शेवरोले हें नांव मुंबईला परकें नाहीं. जनरल मोटर्सनें १९२८ सालीं शिवडी येथें मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता व तो १९५४ पर्यंत चालू होता. त्या कारखान्याच्या अखेरच्या दिवसांत, १९५३ च्या जानेवारींत, तिकडे न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलांतील प्रदर्शनांत कॉर्व्हेट प्रथम लोकांसमोर आली. हार्ली अर्ल या नामांकित कल्पकाच्या देखरेखीखालीं तिचा आराखडा तयार झाला होता. त्या वर्षीं मिशिगन संस्थानांतील फ्लिंट येथें अवघ्या ३०० मोटारी बनल्या, त्याही बव्हंशीं हातानें जुळवून. बाहेरून सगळ्या पांढऱ्या आणि आंतून सगळ्या तांबड्या. त्यांचें अंग लोखंडी पत्र्याचें नव्हतें, तर काचेचे तंतु व राळ यांपासून घडविलेलें, म्हणजे फायबरग्लासचें होतें. दिसावयास ती देखणी. परंतु सहा सिलिंडरांचें १५० अश्वशक्तीचें इंजिन आणि दोनच गतींची स्वयंचलित गिअरपेटी यांमुळें वेगाच्या भोक्त्यांचें तिनें समाधान होईना. १९५४ सालीं ३,६४० मोटारी बांधल्या, त्यांतील पुष्कळशा गिऱ्हाइकावांचून पडून राहिल्या. १९५५ सालीं उत्पादन ७०० वर आलें, आणि मोटारीचें नांव पुसलें जाण्याची वेळ आली. आठ सिलिंडरांचें नवें इंजिन आणि झोरा आर्कस-डन्टोव्ह या इंजिनिअराची चिकाटी यांच्या जोरावर ती तगली. नवी असतांना जिला कोणी विचारीत नव्हतें, त्याच पहिल्या खेपेच्या मोटारींसाठीं आज संग्राहक वर्षानुवर्षें वाट पाहतात. बाजाराचा न्याय असा उफराटा असतो.

या उफराट्या न्यायाचा सर्वांत बोधप्रद दाखला १९६३ सालच्या कॉर्व्हेटचा आहे. त्या वर्षीं ‘स्टिंग रे’ या नांवानें मोटारीला नवें रूप मिळालें. छपराच्या बंदिस्त मोटारीची मागील कांच एका उभ्या पट्टीनें मधोमध दुभागलेली होती. रूपाच्या दृष्टीनें ती पट्टी मोठी डौलदार होती; पण मागचा रस्ता नीट दिसत नाहीं म्हणून डन्टोव्हचा तिला विरोध होता. पुढच्याच वर्षीं पट्टी गेली व एकसंध कांच आली. तेव्हां १९६३ च्या कित्येक मालकांनीं आपली मोटार नव्यासारखी दिसावी म्हणून मधली पट्टी कापून टाकली आणि एकसंध कांच बसवून घेतली. पुढें काळ पालटला. दुभंग कांचेच्या बंदिस्त मोटारी अवघ्या १०,५९४ बनल्या होत्या, आणि जी पट्टी दोष म्हणून कापली तीच त्या मोटारीचें कुळचिन्ह ठरली. मग त्याच मोटारींना पुन्हां पैसे खर्चून पट्ट्या बसविण्यांत आल्या. आज अशी मोटार विकावयास निघाली तर तिची पट्टी मूळची कीं मागाहून बसविलेली हा पहिला प्रश्न असतो. दोन्ही मोटारी दिसावयास सारख्या. पण एक आपल्या जन्मखुणेसह टिकली आहे आणि दुसरीला ती खूण परत मिळाली आहे. दुसरी मोटार विकण्यांत लाज वाटण्यासारखें कांहींच नाहीं. मात्र दुसरीला पहिली म्हणून विकणें ही फसवणूक होय.

जीर्णोद्धाराचें काम किती चिकट असतें याची कल्पना नसली म्हणजे विक्रीच्या वेळचें मालकाचें मन कळत नाहीं. कॉर्व्हेटचें अंग गंजत नाहीं, म्हणून ती अक्षय आहे असा पुष्कळांचा गैरसमज असतो. तिचा खालचा सांगाडा पोलादी असतो, आणि १९६३ पासूनच्या मोटारींत समोरच्या कांचेभोंवतीं व दारांच्या चौकटींत फायबरग्लासच्या आड एक पोलादी पिंजराही असतो. पाणी मुरून तो आंतल्या आंत गंजतो व वरून मोटार तुकतुकीत दिसते. ‘दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें’ ही म्हण जणूं या पिंजऱ्यासाठींच निघाली असावी. खरा जीर्णोद्धार करणारा माणूस अंग सांगाड्यापासून उचलून वेगळें करतो, प्रत्येक नळी, प्रत्येक तार, प्रत्येक खिळा सोडवितो, गंज खरवडतो, इंजिन उघडून पोखरलेल्या सिलिंडरांना नवें पोट देतो, खुर्च्यांना जुन्या पोताचें आच्छादन शोधतो. हें काम सहा महिन्यांतही होतें आणि बारा वर्षेंही चालतें. रात्रीं जेवणानंतर गॅरेजमधल्या दिव्याखालीं त्यानें किती घटका घालविल्या याचा हिशेब कोणत्याही वहींत नसतो.

आणि येथेंच विक्रेत्याला पहिला धक्का बसतो. जीर्णोद्धाराला लागलेला खर्च बहुतेक वेळां विक्रींतून भरून निघत नाहीं. ‘हौसेला मोल नाहीं’ या म्हणीचे दोन अर्थ होतात: हौसेपुढें पैशाची पर्वा नसते हा एक, आणि बाजारांत हौसेची किंमत येत नाहीं हा दुसरा. पहिला अर्थ माणसाला जीर्णोद्धाराच्या वेळीं कळतो, दुसरा विक्रीच्या वेळीं. घेणारा माणूस श्रमाचे तास विकत घेत नाहीं. तो समोर उभी असलेली मोटार, तिची दुर्मिळता आणि तिची खात्री विकत घेतो. म्हणून पावत्यांची बेरीज करून त्यावर नफा चढविणें ही किंमत ठरविण्याची रीत नव्हे. त्याच वर्षाच्या, त्याच इंजिनाच्या व त्याच अवस्थेच्या मोटारी नुकत्याच काय भावानें गेल्या हें पाहणें ही खरी रीत. जुन्या मोटारींच्या भावाचीं जीं कोष्टकें अमेरिकेंत निघतात, त्यांत अवस्थेच्या साधारणतः चार पायऱ्या मानतात. प्रदर्शनांत पहिला नंबर मिळविणारी निर्दोष मोटार ही सर्वांत वरची, आणि रोजच्या वापरांतली, किरकोळ व्यंगें असलेली मोटार ही खालची. आपली मोटार वरच्या पायरीवर आहे असें प्रत्येक मालकाला वाटतें. आईला आपलें मूल देखणें दिसावें त्यांतलाच हा प्रकार. म्हणून ज्याचा त्या मोटारीशीं स्नेहसंबंध नाहीं अशा जाणत्या तिऱ्हाइताकडून पायरी ठरवून घेणें शहाणपणाचें ठरतें.

मोटारीच्या दैवताचा प्रश्न अमेरिकेंतील बाजारानें आपल्यापुरता सोडविला आहे. त्याच्या मतें तें दैवत मुख्यतः आंकड्यांत वसतें. इंजिनाच्या ओतीव ठोकळ्यावर त्याचा नमुना-क्रमांक असतो आणि तो केव्हां ओतला याची खूण असते. महिन्याला एक अक्षर, जसें जानेवारीला ‘ए’, फेब्रुवारीला ‘बी’, आणि पुढें दिवस व वर्षाचा आंकडा. शिवाय इंजिनाच्या पुढच्या बाजूस, उजव्या सिलिंडरांच्या डोक्यापुढें, एक लहानशी घासून सपाट केलेली जागा असते. तिच्यावर इंजिन कोणत्या दिवशीं जुळविलें आणि तें कोणत्या प्रकारचें हें ठोकलेलें असतें. १९६० च्या सुमारापासून मोटारीच्या अनुक्रमांकाचे शेवटचे आंकडेही तेथेंच ठोकूं लागले. हे आंकडे एकमेकांशीं व मोटारीच्या क्रमांकाच्या पट्टीशीं जुळले, आणि ठोकळा मोटारीच्या जन्मतारखेच्या अगोदर ओतलेला निघाला, म्हणजे इंजिन मूळचें ठरतें. १९६७ पासूनच्या कित्येक मोटारींत पेट्रोलच्या टाकीच्या माथ्यावर कारखान्यानें चिकटविलेला एक कागदही सांपडतो. मोटार कोणकोणत्या सामानासह बांधावयाची याची ती यादी असते. टाकी खालीं उतरविल्यावांचून तो कागद दिसत नाहीं. पण जीर्ण झालेलें तें चतकोर पान कित्येकदां सबंध रंगकामाहून मोलाचें ठरतें.

आंकड्यांना एवढें मोल कां, हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. १९६७ सालीं एकंदर २२,९४० कॉर्व्हेट मोटारी तयार झाल्या. त्यांपैकीं फक्त वीस मोटारींना ‘एल ८८’ नांवाचें शर्यतीचें इंजिन होतें. कंपनीनें कागदावर त्याची शक्ति ४३० अश्वशक्ति लिहिली होती. प्रत्यक्षांत ती ५०० च्याही वर होती. या वीसांतली एक मोटार २०१४ च्या जानेवारींत स्कॉट्सडेलच्या लिलांवांत ३८ लक्ष ५० हजार डॉलरांना गेली. त्याच वर्षाची, त्याच आकाराची, पण साध्या इंजिनाची मोटार तिच्या शेजारीं उभी केली तर अडाण्याला दोहोंत विशेष फरक दिसणार नाहीं, आणि किंमतींत मात्र दसपटीहून मोठी तफावत पडेल. जेथें एवढी तफावत एका इंजिनावर व कांहीं ठोकलेल्या अक्षरांवर लटकते, तेथें मोह उत्पन्न झाल्याशिवाय कसा राहील? दुसरें इंजिन आणावें, ती सपाट जागा घासून जुने आंकडे पुसावे आणि हवे ते नवे ठोकावे, असा उद्योग करणारे निघाले. पण ठोकणाराला एक गोष्ट सहजीं साधत नाहीं. कारखान्यांतल्या यंत्रानें ती जागा सपाट करतांना तिच्यावर अगदीं बारीक समांतर रेषा उमटलेल्या असतात. घासतांना त्या जातात; आणि जाणता परीक्षक भिंग लावून आंकड्यांच्या अगोदर त्या रेषाच शोधतो. सोनार जसा दागिन्याच्या घडणावळीला न भुलतां कसोटीवरची रेघ पाहतो, तसेंच हें.

आंकडे जुळत नाहींत म्हणून मोटार टाकाऊ ठरते असें मात्र नाहीं. साठ वर्षांत इंजिनें फुटतात, बदलावीं लागतात; शर्यतींत धांवलेल्या मोटारींचीं तर हमखास. ‘इंजिन त्याच सालचें व त्याच जातीचें आहे, परंतु या मोटारीचें मूळचें नाहीं’ असें सरळ सांगून विकणाराला गिऱ्हाईक मिळतें. भाव थोडा कमी येतो इतकेंच. जो हें वाक्य गिळून टाकतो त्याला भाव थोडा अधिक मिळतो, आणि त्या अधिक भावाच्या मागोमाग एक न संपणारी धास्ती घरांत येते.

ही धास्ती केवळ मनाची नसते, कायद्याचीही असते. जुनी मोटार ‘आहे तशी’ विकली म्हणजे पुढें आपली जबाबदारी संपली अशी अनेक विक्रेत्यांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. व्यापारी व्यवहारांसंबंधींची जी समान संहिता अमेरिकेंत आहे, तिचें विक्रीविषयक प्रकरण लुइझियाना वगळून सर्व संस्थानांनीं स्वीकारलें आहे. त्यांतील तत्त्व असें कीं, विक्रेत्यानें वस्तूविषयीं एखादी गोष्ट वस्तुस्थिति म्हणून सांगितली आणि तिच्या आधारावर सौदा झाला, तर तें सांगणें हीच हमी होय; ‘हमी’ हा शब्द उच्चारलेला नसला तरी होय. ‘मोठी सुंदर मोटार आहे हो’ ही स्तुति झाली, तिला कोणी बांधलेला नाहीं. ‘इंजिन मूळचें आहे’ ही हमी झाली. म्हणून जाहिरातींतलें प्रत्येक वाक्य लिहितांना विक्रेत्यानें स्वतःला विचारावें कीं, हें आपल्याला माहीत आहे, कीं आपल्याला कोणी सांगितलें आहे, कीं तसें असावें असें आपल्याला वाटतें? या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत व त्या वेगळ्याच लिहिल्या पाहिजेत. मैल मोजणाऱ्या यंत्राचेंही तसेंच. त्या काळच्या यंत्रांत पांचच आंकडे असत. ९९,९९९ मैल भरले कीं तें पुन्हां शून्यावर येई. तेव्हां ३०,००० हा आंकडा ३०,००० मैलही सांगूं शकतो आणि १,३०,००० मैलही. जुन्या पावत्या असतील तर बोलावें, नसतील तर यंत्र काय दाखवितें तेवढेंच सांगावें.

निष्काळजीपणाचें फळ निरपराध माणसाला कसें भोगावें लागतें याचें एक उदाहरण कॅन्सस संस्थानांत घडलें. तेथील एका गृहस्थानें जीर्णोद्धार केलेली १९५९ सालची कॉर्व्हेट २०१६ सालीं परसंस्थानांतून ५० हजार डॉलरांना विकत घेतली. नोंदणीसाठीं तो ती तपासणीला घेऊन गेला असतां पोलिसांना दिसलें कीं, मोटारीच्या क्रमांकाची लहानशी पट्टी केव्हांतरी काढून पुन्हां बसविलेली आहे. चोरीच्या मोटारींना आळा बसावा म्हणून तेथील कायदा या बाबतींत इतका कडक होता कीं, अशी मोटार जप्त करून नष्ट करावी असें त्यांत होतें. मोटार जप्त झाली. मालक निर्दोष आहे याविषयीं वाद नव्हता. पट्टी जीर्णोद्धाराच्या वेळीं, रंगकामाकरितां वगैरे, काढली गेली असावी हेंही उघड होतें. तरीही खटला वर्षानुवर्षें चालला. शेवटीं २०२२ सालीं तेथील विधिमंडळानें कायदा बदलला. जीर्णोद्धारासाठीं पट्टी काढणें हा गुन्हा नव्हे असें ठरलें, आणि मोटार मालकाला परत मिळाली, पण ती नुकसान पावलेल्या अवस्थेंत. एक पट्टी काढतांना कोणीं चार छायाचित्रें घेतलीं असतीं, दोन ओळी लिहून ठेवल्या असत्या आणि विकतांना त्या गिऱ्हाइकाच्या हातीं दिल्या असत्या, तर निदान कोणत्या पाण्यांत पाऊल टाकावयाचें हें त्या गृहस्थाला आधीं कळलें असतें.

येथपर्यंत ऐकून श्रोत्यांना वाटेल कीं, जीर्णोद्धार जितका अधिक तितकी मोटार अधिक चांगली, फक्त तो लपवूं नये म्हणजे झालें. परंतु जाणत्यांचें मत याच्याही पुढें गेलें आहे. १९७४ सालीं अमेरिकेंत कॉर्व्हेटचा जीर्णोद्धार करणारांची एक राष्ट्रीय संस्था निघाली. तिच्या परीक्षणांत एकूण ४,५१० गुण असतात, आणि शेंकडा ९४ वा अधिक गुण मिळविणाऱ्या मोटारीला वरच्या वर्गाचें मानचिन्ह मिळतें. तेथील कसोटी सौंदर्याची नाहीं, सत्याची आहे: मोटार कारखान्यांतून बाहेर पडतांना जशी होती तशी ती दिसते काय? कारखान्याच्या रंगांत जेथें खडबडीतपणा होता तेथें आरशासारखा गुळगुळीतपणा आला, तर गुण कमी होतात. मूळच्यापेक्षां अधिक चांगलें करणें हाही दोषच. इलिनॉय संस्थानांत १९७३ सालीं सुरू झालेल्या ‘ब्लूमिंग्टन गोल्ड’ या मेळाव्यांत तर ज्यांचा जीर्णोद्धार मुळींच झालेला नाहीं अशा मोटारींचा खास सन्मान होतो. त्यांचा रंग विटलेला असतो, खुर्चीला चिरा गेलेल्या असतात. पण त्या चिरा खऱ्या असतात. जीर्णोद्धार कितीही वेळां करतां येतो, मूळपण मात्र एकदांच लाभतें, आणि गेलें कीं गेलें.

मग विक्रेत्यानें करावें तरी काय? पहिलें काम रंगाला चकाकी देण्याचें नव्हे, कागदांची थैली भरण्याचें. पूर्वीच्या मालकांचीं पत्रें, सुट्या भागांच्या पावत्या, अंग सांगाड्यावरून उचललेलें असतांनाचीं छायाचित्रें, इंजिनावरील आंकड्यांचें स्पष्ट चित्र, परीक्षकांचीं गुणपत्रकें, हें सारें क्रमानें लावावें. त्यांच्यावर एक साधी यादी ठेवावी: काय मूळचें, काय दुरुस्त केलेलें, काय नव्यानें घातलेलें, आणि कशाविषयीं माहिती नाहीं. काढलेले जुने भाग फेंकून दिले नसतील तर ते मोटारीबरोबरच द्यावे. मोटार पाहावयास येणाऱ्या माणसापुढें ती थंड इंजिनानेंच सुरू करावी. आधीं तापवून ठेवलेलें इंजिन आपले रोग लपवितें. तिला उंच उचलून तळ दाखवावा. गिऱ्हाइकानें स्वतःचा परीक्षक आणला तर त्याचा अपमान मानूं नये. खऱ्या वस्तूला परीक्षकाची भीति नसते. पैसे बँकेंत खरोखर जमा झाल्याची खात्री होईपर्यंत मालकीचा दाखला हातचा सोडूं नये, आणि जाहिरातींतील क्रमांक व दाखल्यावरील क्रमांक एकच आहेत हें सौद्याच्या आधीं पाहावें, मागाहून नव्हे.

विकावें कोठें, यालाही विचार लागतो. लिलांवांत गर्दी असते व ईर्ष्या असते. पण राखीव किंमत न ठेवतां मोटार मंचावर नेली तर त्या दिवशीं सभागृहांत कोण बसलें आहे यावर सारें अवलंबून राहतें, आणि चढाओढ करणारा दुसरा माणूस नसला तर उत्तम मोटारही मातीमोलानें जाते. व्यापाऱ्याच्या दुकानांत ठेवली तर कष्ट वांचतात, अडत मात्र द्यावी लागते. परीक्षण झालेली, कागदपत्रांनीं भरलेली मोटार त्याच मोटारींच्या भोक्त्यांच्या मंडळांतून विकणें पुष्कळदां हिताचें ठरतें, कारण तेथें घेणाराला तिची भाषा समजते. तेथें मुलाम्याला भाव नसतो, पण टाकीवरच्या जीर्ण कागदाला असतो.

कागदांची थैली कां हवी याचें सर्वांत मोठें कारण मात्र बाजारांत नाहीं, घरांत आहे. या मोटारींच्या मालकांपैकीं पुष्कळजण आज उतारवयांत आहेत. मोटारीची सारी हकीकत धन्याच्या डोक्यांत असते, आणि तो एक दिवस निवर्ततो. मग विक्रीचें काम येतें पत्नीवर वा मुलांवर. मोटारीविषयीं त्यांना एवढेंच ठाऊक असतें कीं, तिच्यापायीं हा माणूस रात्रीं उशिरां जेवावयास येत असे. पहिला चतुर दलाल दारांत उभा राहतो, ‘आंकडे जुळत नाहींत’ म्हणतो, आणि त्यांना उलटून विचारण्यासारखें कांहीं हातांत नसतें. किंवा याच्या उलट, वडील सांगत असत म्हणून मुलगा भोळेपणानें ‘इंजिन मूळचें’ असें लिहून देतो आणि दोन वर्षांनीं त्याच्याकडे वकिलाची नोटीस येते. हयातींत भरलेली एक थैली या दोन्ही आपत्ति टाळूं शकते. ज्यानें बारा वर्षें मोटारीसाठीं दिलीं, त्यानें बारा रात्री तिच्या हकीकतीसाठीं द्याव्या, एवढेंच मागणें आहे.

कोणती वस्तु सुधारावी आणि कोणती तशीच राहूं द्यावी, याचा विवेक एका विलक्षण प्रसंगीं दिसून आला. केंटकी संस्थानांतील बोलिंग ग्रीन येथें कॉर्व्हेटचें राष्ट्रीय संग्रहालय आहे. तें १९९४ सालीं उघडलें. १२ फेब्रुवारी २०१४ रोजीं पहाटे त्या संग्रहालयाच्या जमिनीखालील चुनखडीची पोकळी कोसळली, आणि आठ मोटारी खड्ड्यांत गडप झाल्या. त्या वर काढल्यावर आठांपैकीं तीनच मोटारींचा जीर्णोद्धार करावा असें ठरलें. त्यांत १९९२ सालीं बनलेली दहा लाखावी कॉर्व्हेट होती. ती बनवितांना कारखान्यांतल्या कामगारांनीं तिच्या भागांवर आपापल्या सह्या केल्या होत्या. म्हणून दुरुस्तींत ते सह्यांचे भाग होतां होईल तों जपून परत बसविण्यांत आले. तिच्या बाबतींत दैवत कोठें आहे हें दुरुस्त करणारांनीं बरोबर ओळखलें होतें. उरलेल्या पांच मोटारी मात्र चेंगरलेल्या अवस्थेंतच ठेविल्या. त्यांना नव्या करावयाचें म्हणजे जुनें असें फारसें कांहींच उरलें नसतें. नांव तेवढें त्यांचें राहिलें असतें. मोडक्या अवस्थेंत त्या खऱ्या आहेत, आणि त्यांच्यापुढें माणसें उभीं राहतात.

जीर्णोद्धार केलेल्या मोटारीच्या विक्रेत्यापुढें हाच विवेक निराळ्या रूपानें उभा असतो. तिच्यांतील जुनें किती व नवें किती याचा निवाडा मोटार स्वतः करूं शकत नाहीं; तिच्या वतीनें बोलणारा शेवटचा साक्षीदार तोच. त्यानें खरें सांगितलें तर ती मोटार तिच्या साऱ्या दुरुस्त्यांसह, साऱ्या नव्या खिळ्यांसह, पुढच्या मालकाच्या घरींही तीच राहते. त्यानें एक खोटें वाक्य सांगितलें तर अस्सल भागांवरचाही विश्वास उडतो, कारण मग कोणतें वाक्य खरें हें कोणालाच कळत नाहीं. देवळाच्या पायरीवर जीर्णोद्धाराची शिळा बसविणारांनीं हें पूर्वीच जाणलें होतें. हातोडी पडल्यावर मिळालेले पैसे आज ना उद्यां खर्च होऊन जातात. मोटारीबरोबर दिलेली कागदांची ती थैली मात्र हातोहात पुढें जाते, आणि तिच्यांत विकणाराची अब्रूही जाते.